मुलाखतीची गरज नाही

११ जानेवारी, सोमवार

मुलाखत नाही! मुलाखत नाही, मुलाखत नाही. तीनदा लिहिलं तरी समाधान होत नाही.

सकाळी व्हिसाच्या कचेरीत मुलाखतीची तारीख मागायला गेले होते. खिडकीतला कारकून वर न बघताच म्हणाला, ऑगस्ट. ऑगस्ट! चिमीचे दिवस मार्चअखेर भरतात. ऑगस्टपर्यंत पोर बसायला लागेल. तोंड पाडून परत फिरले, तर दाराशेजारच्या काचेवर एक कागद. दोनदा वाचला. मागच्या माणसाने ‘बाई, सरका जरा’ म्हटल्यावर तिसऱ्यांदा वाचला. मागचा व्हिसा संपून वर्ष झालेलं नसावं. तो याच कचेरीने दिलेला असावा. काम तेच असावं — नातलगांच्या भेटीचं. आणि आजवर एकदाही नकार मिळालेला नसावा. चारही जमत असेल तर मुलाखतीची गरज नाही. अर्ज, फोटो, पासपोर्ट — एका पाकिटात घालून बाहेरच्या पेटीत टाका. बस.

माझा व्हिसा संपून दहा महिने झालेत. जमतंय की सगळं!

चिमी पलंगावरून उतरत नाही. डॉक्टरांनी उतरूच नको म्हटलंय. जावई धरणाच्या कामावर, तीन आठवड्यांतून एकदा घरी येतो. माझी एकुलती एक पोर परक्या मुलखात दिवसभर छताकडे बघत पडून असते. मी इथे हॉस्पिटलच्या चादरी शिवते — दुसऱ्यांच्या पोरी ज्यावर बाळंत होतात त्या.

आता जाईन.

१२ जानेवारी

कपड्यांच्या खोलीत सगळ्यांना सांगून झालं. इस्त्रीवाली म्हणाली, ‘म्हणजे तुझं तोंड न बघताच सोडणार? बरं झालं, बघून नाही म्हणायची सोयच राहिली नाही!’ मेट्रनबाईंनी फेब्रुवारीच्या मध्यापासून रजा दिली. कुरकुरल्या, पण दिली. आज फाटलेले अठरा गाऊन शिवले, एकही टाका वाकडा नाही.

१५ जानेवारी

फोटो काढून आले. भाऊजींच्या स्टुडिओत. भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ — फोटोवरचे डाग, सुरकुत्या, मागची माणसं पुसून टाकायचं काम करतात. तीस वर्षं तेच. लग्न केलं नाही. स्टुडिओच्या मागच्या खोलीतच राहतात. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. तेव्हापासून दर रविवारी येतात, नळ-पंखा काय बिघडलं असेल ते बघतात, चहा घेतात, जातात. फार बोलत नाहीत.

आज मात्र बोलले. कागदावरचे चारही नियम त्यांनी मला पुन्हा सांगायला लावले. ‘एकदाही नकार नसावा — असंच लिहिलंय?’ त्यांना दोनदा मिळालाय. मला वाईट वाटलं. मग ते दिव्याची छत्री सारखी करत म्हणाले, ‘दादाचा व्हिसा कधी संपला?’

‘माझ्याबरोबरच. एकाच दिवशी तर शिक्के बसले होते.’

‘मग त्यालाही मुलाखत माफ,’ म्हणाले आणि हसले.

मीही हसले. घरी आल्यावर मात्र कुठेतरी टोचत राहिलं.

१८ जानेवारी

टाकलं पाकीट. भिंतीत लोखंडी पेटी आहे, वर फट. पाकीट आत गेलं आणि पडल्याचा आवाज यायला वेळ लागला. विहिरीत काहीतरी टाकल्यासारखं. आपलं तोंड कुणी बघत नाही म्हणजे सुटका — पण उभी राहिले थोडा वेळ. कुणीतरी बघायला हवं होतं असं वाटलं. काय माणसाचं मन!

२४ जानेवारी, रविवार

भाऊजींनी कपाटाची बिजागरी बसवून दिली. बराच वेळ लागला. ह्यांचा चष्मा तिथेच पडून होता, तो त्यांनी मागितला. ‘फ्रेम चांगली आहे, काचा बदलून घेईन.’ दिला. ह्यांचा राखाडी कोटही दिला. कसर लागण्यापेक्षा कुणीतरी वापरलेला बरा.

त्यांनी आरशासमोर घालून बघितला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. पाठ. नुसती पाठ होती. हातातलं भांडं खाली ठेवलं आणि मगच श्वास घेतला.

३० जानेवारी

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने हाक मारली. ह्यांना तो चांगला ओळखायचा — ते वजनमापं तपासायचे, त्याचा काटाही दरवर्षी तपासून शिक्का मारायचे. म्हणाला, ‘ताई, रागावू नका. परवा साहेब समोरून चालले होते. नमस्कार करायला हात वर केला, आणि मग आठवलं, मी तर त्यांच्या अंत्ययात्रेला आलो होतो.’

‘भाऊजी असतील.’

‘भाऊजींना मी ओळखतो हो. ते भिंतीच्या कडेने चालतात. हे रस्त्याच्या मधून चालले होते.’

घरी येऊन दाराला आतून कडी लावली. दिवसाढवळ्या!

२ फेब्रुवारी

पोस्टाने पोच आली. वाचते आणि परत वाचते.

अर्जदार: २. मुलाखत: दोघांनाही आवश्यक नाही.

खाली माझं नाव. आणि ह्यांचं.

४ फेब्रुवारी

कचेरीत गेले. तोच कारकून. त्याने जाड वही उघडली, बोट फिरवलं. ‘बरोबर आहे. तुमचा अर्ज अठरा तारखेला, मिस्टरांचा अठ्ठावीसला. मागच्या वेळी तुमची फाईल एकत्र होती, म्हणून याही वेळी जोडली. काय झालं?’

‘कुणी टाकला?’

‘त्यांनीच. मला चांगलं आठवतं. पेटीपाशी उभे होते, मला विचारलं — पाकीट आडवं टाकायचं की उभं. कोट घातलेला. शांत माणूस आहे हो.’

मी काचेला हात टेकला. गार होती. ते वारलेत — एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. तो आपणहूनच म्हणाला, ‘काही चूक असेल तर आत्ताच सांगा. दोन्ही फायली बाजूला काढतो. मग दोघांनाही मुलाखत. ऑगस्ट, कदाचित सप्टेंबर.’

‘चूक नाही,’ मी म्हणाले.

घरी आल्या आल्या कपाट उघडलं. ह्यांच्या औषधांच्या फायलीखाली पासपोर्ट असायचा. रद्द करून घ्यायला हवा होता, पण चौदा महिने झाले, मला जमलं नाही. त्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारून आणायचा — कसं जमणार? आता फाईल आहे. पासपोर्ट नाही. बिजागरी मात्र छान बसलीय, अजिबात करकरत नाही.

७ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी आले. मी चहा ठेवला नाही. दारातच विचारलं.

नाकारतील असं वाटलं होतं. नाही नाकारलं. खुर्चीत बसले — ह्यांच्या खुर्चीत, आधी कधीच बसत नसत, स्टूल ओढून घ्यायचे — आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. मी लिहून ठेवते, म्हणजे मला पुढे वाटायला नको की स्वप्नच पडलं होतं.

‘वहिनी, मला दोन्ही वेळा एकच प्रश्न विचारला. परत येण्यासारखं तुमचं इथे कोण आहे? मी पहिल्यांदा खरं सांगितलं — कुणी नाही. दुसऱ्यांदा खोटं सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही. दादा दोनदा गेला आणि दोनदा परत आला. त्याच्या कागदावर एक डाग नाही. त्याला कुणी काही विचारणार नाही. मला आयुष्यभर विचारतील.’

‘ते वारलेत, भाऊजी.’

‘कचेरीच्या कागदावर नाही.’

मी ओरडले. तुरुंगात जाल म्हटलं, मलाही घेऊन जाल, माझं चिमीकडे जाणं बुडवाल. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘चिमी चार वर्षांची होती तेव्हा तुम्हाला टायफॉइड झाला होता. दादा दौऱ्यावर. सहा आठवडे तिला मी सांभाळलं. माझ्या आयुष्यात मी केलेलं खरं काम तेवढंच. बाकी सगळं पुसापुशीचं. तुम्ही जाणारच आहात, तुम्हाला काय कळणार? मला एकदा तिच्यासाठी काहीतरी करू द्या. नाहीतर जाऊन सांगा त्यांना. मी आड येणार नाही.’

आड येणार नाही! सांगितलं तर दोघांचंही बुडतं, हे त्यांना माहीत नसेल? असेलच.

गेल्यावर खुर्चीतलं वर्तमानपत्र उचललं. त्याखाली एक कागद होता, दोन्ही बाजूंनी भरलेला. सह्या. ह्यांची सही, चाळीस-पन्नास वेळा. वरच्या कच्च्या. शेवटच्या ओळीतल्या इतक्या बरोबर, की आजारपणात ह्यांना स्वतःलाही तशी जमत नव्हती.

कागद जाळायला हवा होता. मी घडी करून ठेवला.

१० फेब्रुवारी

चिमीचा फोन. आवाज कागदासारखा. दोन दिवस हॉस्पिटलात होती, रक्तस्राव झाला, आता थांबलाय. शेजारीण सोडायला आली होती, पण तिलाही तिचं घर आहे.

‘आई, कुणीतरी या गं. मला संडासात जायचीसुद्धा भीती वाटते.’

‘येतेय, राणी.’

‘काकांचं पत्र आलं. तेही यायचं म्हणतायत. त्यांना कसा मिळतोय व्हिसा?’

‘मिळतोय,’ मी म्हणाले.

दुसऱ्यांदा. आधी कारकुनाला, आता पोटच्या पोरीला. इतकं सोपं असतं?

१६ फेब्रुवारी

कचेरीच्या फलकावर यादी लागली. आमचा नंबर सापडला.

ह्यांचा — मंजूर. माझा — मुलाखत, १५ मार्च.

मी कारकुनाशी भांडले. चारही नियम मी पाळते, काचेवर तुम्हीच लिहिलंय! तो बिचारा म्हणाला, ‘दहा फायलींतली एक उगाच उघडून बघतात, बाई. कुणाची निघेल ते नशीब. पंधरा मार्च म्हणजे लवकरच दिलीय. आणि मिस्टरांचं झालंय ना? त्यांना पुढे पाठवा.’

मेलेल्या माणसाला प्रश्न नाही. जिवंत बाईची मुलाखत. रस्त्याने चालताना मला हसू आलं. समोरून येणारी बाई माझ्याकडे बघून रस्त्याच्या पलीकडे गेली.

२१ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी व्हिसा लावलेला पासपोर्ट घेऊन आले. मी मागितला. व्हिसावर नवा फोटो आहे, पासपोर्टवर ह्यांचा जुना. चष्मा, मिशी, डावीकडे भांग. हनुवटीखालचा तीळसुद्धा. भाऊजींना तो नाही, फोटोवर आहे. पुसणारा माणूस काढूही शकतो, हे मला सुचलंच नव्हतं.

मी बोटांनी नावं झाकली आणि नुसते चेहरे बघितले. कुठला कुणाचा — कळेना. क्षणभरच. पण एकतीस वर्षं ज्याच्याशेजारी झोपले, तो कुठला हे मला क्षणभर कळलं नाही.

वर मान केली. ते माझ्याकडेच बघत होते. हनुवटीखाली तीळ होता.

‘शाई आहे,’ ते म्हणाले. ‘सवय व्हावी म्हणून.’

नंतर लक्षात आलं — सबंध दुपारभरात त्यांनी मला एकदाही वहिनी म्हटलं नाही.

२५ फेब्रुवारी

रजा पुढे ढकलली, कामावर जातेय. इस्त्रीवाली म्हणाली, ‘तुला काय झालंय? चादरीला खिसा शिवून ठेवलास.’ बघितलं तर खरंच शिवला होता. व्यवस्थित, कडा दुमडून.

तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मेलीस तू. आणि मग सगळ्या हॉस्पिटलला कळलं असतं. उसवत बसले.

२७ फेब्रुवारी

गेले आज.

सकाळी निरोप घ्यायला आले. राखाडी कोट, एक पेटी. पासपोर्ट परत मागायचा, फाडायचा, असं ठरवून बसले होते. ठरवलेलंच होतं. पण काल चिमीने पुन्हा फोन केला होता आणि काही न बोलता नुसती रडली होती.

जिन्यात थांबून त्यांनी खिसे चाचपले. आधी वरचा, मग आतला, मग पुन्हा वरचा. हे नेमकं असंच करायचे. भाऊजींनी हे बघितलं तरी कधी? हे तर फक्त मी बघायचे, दारातून, रोज.

‘येतो गं,’ म्हणाले.

गं!

समोरच्या आजी भाजी घेऊन वर येत होत्या. त्यांना बघून त्या भिंतीला टेकल्या, पिशवी हातातून सुटली. कांदे पायऱ्यांवरून टप टप खाली गेले. त्यांनी सगळे वेचून दिले, दोन हातांनी, अगदी शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन. मग निघून गेले.

आजी मला म्हणाल्या, ‘कोण होतं ते?’

‘भाऊजी.’

‘हं,’ म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

४ मार्च

चिमीचा फोन! आवाजात जीव आलाय. जेवते, झोपते. त्यांना कुठेच अडवलं नाही. फोटो बघितला, तोंड बघितलं, शिक्का मारला.

‘आई, तू आता अजिबात काळजी करू नकोस. सकाळी बाबांनी माझी वेणी घातली —’

थांबली. तारेत नुसता वारा वाहत होता.

‘काकांनी,’ म्हणाली. ‘शेजारीण समोर बसलीय गं. इथे सगळ्यांना तेच सांगावं लागतं ना. जीभ वळते.’

‘वळणारच.’

‘पण आई, खरं सांगू? वाईट नाही वाटत.’

मागे कुणीतरी खाकरलं. मी फोन ठेवला. मलाच ठेवावासा वाटला की कट झाला, आठवत नाही.

५ मार्च

ह्यांच्यासाठी आज पहिल्यांदा रडले. म्हणजे, पंधरा महिने रडतेच आहे. पण आज वाटलं, ह्यांना कुणीतरी थोडं थोडं करून घेऊन चाललंय. कोट मी दिला. चष्मा मी दिला. गप्प बसणं — तेही माझंच.

१५ मार्च

मुलाखत.

काचेपलीकडे अधिकारी बाई, सर्दीने नाक लाल झालेलं. शेजारी दुभाष्या. तिने फाईल चाळली आणि पहिलाच प्रश्न: ‘तुमचे पती फेब्रुवारीत पुढे गेलेत?’

मी रात्रभर दुसरं वाक्य घोकलं होतं. माझे पती वारले, तो माणूस वेगळा आहे, माझ्या मुलीला यात धरू नका. तोंड उघडलं. मला दिसली चिमी, वेणी घातलेली. आणि दाराशी आलेले शिपाई. ती उठून उभी राहते — तिने उठायचं नाहीय.

‘हो,’ मी म्हणाले.

‘लग्नाला किती वर्षं झाली?’

‘बत्तीस.’ एकतीस झाली होती, ते गेले तेव्हा. मी एक वाढवलं. हिशोब आपोआप झाला.

बाईंनी नाक पुसलं, पेन खाली ठेवलं. ‘कसे आहेत ते? सांगा ना.’ सहज विचारलं की पारखायला, देव जाणे.

मी सांगितलं. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचतात. झोपेत दात खातात. कुठल्याही दुकानात गेले तरी नजर आधी वजनकाट्याकडे. भांडण झालं की बोलत नाहीत, पण माझ्या चपला सरळ करून ठेवतात. सांगताना मला थांबताच येईना. दुभाष्या हसला, बाई हसल्या. सगळं खरं होतं! एक शब्द खोटा नव्हता. फक्त एकदाही ‘होते’ म्हटलं नाही.

‘परत येतील ना दोघं?’

‘ते नेहमी परत येतात,’ मी म्हणाले.

शिक्का बसला.

१६ मार्च

मी काय केलं? कुणाला गाडलं, कुणाला उठवलं?

२३ मार्च

पेटी भरली. बाळाची दुपटी — हॉस्पिटलच्या जुन्या मऊ चादरींची; मेट्रनबाईंनी स्वतः काढून दिल्या. चिमीसाठी ह्यांचा भिंतीवरचा फोटो घ्यायचा होता. काढला, पुसला, कपड्यांत गुंडाळला. मग पुन्हा बाहेर काढला. तिथे तो कुठे लावणार? कुणाचा म्हणून लावणार?

कपाटात ठेवला, पालथा.

२८ मार्च

पोचले. परवाच मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. विमानतळावर हे घ्यायला आले होते.